बिरवाडीचा विंचू आणि प्राध्यापकांची बढती

महाड सोडून भोरच्या रस्त्याला लागले, की वरंधा घाटाची चढण सुरू होण्यापूर्वी काळ नदीच्या काठी बिरवाडी लागते. आज या बाजूला औद्योगिक वसाहतीमुळे मालमोटारींची वर्दळ दिसते. १९७६ साली चित्र निराळे होते. तेव्हा हा मुलूख कुलाबा जिल्ह्यात मोडत असे. रायगड हे नाव जिल्ह्याला मिळाले ते १९८१ साली. भातशेती, डोंगराच्या कुशीतल्या वाड्या, पावसाळ्यात तुटणाऱ्या वाटा, आणि या सगळ्यांसाठी एक प्राथमिक आरोग्य केंद्र.

त्या साली या केंद्रात एक पंचविशीतला डॉक्टर रुजू झाला. जालना जिल्ह्यातल्या देहेड नावाच्या खेड्यात गरीब घरी जन्मलेला, पडेल ते काम करून शिकलेला, नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेऊन आलेला. त्याचे नाव हिम्मतराव बावस्कर. पुढे २०२२ साली सरकारने त्यांना पद्मश्री दिली, तेव्हा वर्तमानपत्रांनी त्यांची कथा पुष्कळ सांगितली. ती पुन्हा सांगण्याचे कारण वेगळे आहे. वैद्यकीय महाविद्यालयांतील अध्यापकांना बढती कशी मिळते, कशी मिळावी, आणि त्यांना त्या वाटेवर हात देणारा कोणी असावा की नसावा, हा या लेखाचा विषय आहे.

वाचक म्हणतील, कुठे बिरवाडीचा विंचू आणि कुठे प्राध्यापकांची बढती! दोन्हींचा संबंध लागतो कसा? थोडा धीर धरा. विंचू चढतो भरभर, उतरायला मात्र वेळ लागतो.

वहीत उतरलेला विंचू

दगडी जोत्याच्या फटी, पेंढ्याच्या उडव्या, अंगणातले सरपण ही लाल विंचवाची आवडती बिऱ्हाडे. शेतावर जाणारा गडी, चुलीसाठी लाकूड उचलणारी बाई आणि अंगणात खेळणारे पोर, हे त्याचे नेहमीचे बळी. विंचू चावला की मांत्रिकाकडे धाव घ्यायची, अंगारा लावायचा, तो उतरण्याची वाट पाहायची, ही तेव्हाची रीत होती. शहरी माणसाला विंचू म्हणजे रात्रभराची कळ आणि नाथांचे भारूड एवढेच ठाऊक. पण कोकणातला हा लाल विंचू निराळा. त्याच्या दंशाने धडधाकट माणसे, विशेषतः लहान मुले, दवाखान्यात डोळ्यांदेखत दगावत होती.

दवाखान्यात येणाऱ्या रुग्णाला वांत्या होत. अंग घामाने निथळत असे, तोंडातून लाळ गळे, हातपाय बर्फासारखे गार पडत. मग काही वेळाने श्वास लागे, तोंडाला गुलाबी फेस येई, आणि फुप्फुसांत पाणी भरून माणूस जाई. त्या काळी ॲट्रोपीन, स्टेरॉइड असे उपचार केले जात, पण गुण येत नसे. वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकांत या विषयावर फारसे काही नव्हते. जे होते ते या रुग्णांना उपयोगी पडत नव्हते.

अशा वेळी साधारण डॉक्टर काय करतो? बदलीसाठी अर्ज करतो. त्यात त्याला दोष देता येणार नाही. सरकारी डॉक्टर म्हणजे विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर! आज बिरवाडी, उद्या आणखी कुठे. बावस्करांनी मात्र या रुग्णांची लक्षणे क्रमाने टिपायला सुरुवात केली. दंशानंतर किती वेळाने वांती झाली, नाडी किती, रक्तदाब किती, हातपाय केव्हा गार पडले, श्वास केव्हा लागला. ज्यांची लक्षणे अशी होती त्यांचे पुढे काय झाले, आणि ज्यांची नव्हती त्यांचे काय झाले.

या टिपणांतून एक गोष्ट उघड झाली. वांती, घाम, लाळ, गार पडलेले हातपाय ही नुसती घाबरण्याची चिन्हे नव्हेत. हृदयावर येऊ घातलेल्या संकटाची ती आगाऊ वर्दी असते. या लाल विंचवाच्या दंशानंतर दिसणाऱ्या हृदयाच्या पूर्वलक्षणांवरचा त्यांचा लेख १९८२ साली लंडनच्या 'लॅन्सेट' या नियतकालिकात छापून आला. हे नियतकालिक १८२३ सालापासून निघते, आणि त्यात नाव छापून यावे म्हणून मोठमोठ्या विद्यापीठांतील प्राध्यापक जन्मभर धडपडतात.

मध्यंतरी ते पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात एम. डी.चे शिक्षण घेऊन आले आणि पुन्हा महाड-पोलादपूरच्या परिसरातच कामाला लागले. विंचवाच्या विषाने शरीरात ॲड्रेनॅलिनच्या जातीच्या द्रव्यांचा लोंढा सुटतो, रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो आणि अखेर हृदय थकते, असे निदान होते. मग या लोंढ्याच्या आड येणारे औषध का देऊ नये? रक्तदाबासाठी वापरले जाणारे 'प्राझोसिन' हे साधे, तोंडाने घेण्याचे औषध त्यांनी वापरून पाहिले. रुग्ण वाचू लागले. १९८६ साली डॉ. हिम्मतराव आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांच्या नावाने 'लॅन्सेट'मध्ये त्याची हकीगत प्रसिद्ध झाली. एके काळी गंभीर दंशाच्या रुग्णांपैकी शेकडा तीस-चाळीस दगावत. या उपचारानंतर ते प्रमाण शेकडा एकाच्या आसपास आले.

हे काम प्राध्यापकाच्या खुर्चीतून झाले नाही. त्याला मोठी प्रयोगशाळा लागली नाही. रुग्णाची खाट, वही आणि पोस्टाची पेटी एवढी सामग्री पुरली. आता बढतीकडे वळू.

एक पत्र आणि एक नियम

वैद्यकीय महाविद्यालयातील अध्यापकाची शिडी तीन पायऱ्यांची असते: सहायक प्राध्यापक, सहयोगी प्राध्यापक आणि प्राध्यापक. नुसती वर्षे भरली की वरची पायरी मिळावी, अशी पूर्वी बऱ्याच ठिकाणी समजूत होती. मग भारतीय वैद्यक परिषदेने संशोधनलेखांची अट घातली. अटीमागचा हेतू चांगलाच होता. जो शिकवतो त्याने स्वतः काही शोधलेही पाहिजे, नाही तर तो दुसऱ्याच्या टिपणांचा पोस्टमन होऊन बसेल.

पण नियम एकदा आला की त्याला पोटनियम फुटतात. २०१५ साली परिषदेने स्पष्टीकरण काढले, की बढतीसाठी मूळ संशोधनाचे लेखच धरले जातील आणि तेही लेखकांत पहिले किंवा दुसरे नाव असेल तरच. एखाद्या विलक्षण रुग्णाची हकीगत, संपादकास पत्र, समीक्षालेख यांना त्या हिशेबात जागा उरली नाही.

आता गंमत पाहा. १९८६ साली 'लॅन्सेट'मध्ये जी प्राझोसिनची हकीगत आली, ती संपादकास लिहिलेल्या पत्राच्या रूपात होती. दोन पृष्ठांत संपणारी. तिच्यातून हजारो माणसे वाचली. ते पत्र घेऊन एखादा सहायक प्राध्यापक २०१६ साली निवडसमितीपुढे गेला असता, तर कारकुनाने ते फाइलीतून काढून बाजूला ठेवले असते. "पत्र आहे, लेख नाही," एवढेच उत्तर मिळाले असते.

त्याही आधीची एक गोष्ट आहे. १९६१ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये डॉ. मुंडले यांचे विंचूदंशानंतर फुप्फुसांत पाणी होण्याविषयीचे एक छोटे टिपण आले होते. लहानसे, एका पृष्ठात मावणारे. पण पुढे या विषयावर काम करणाऱ्या प्रत्येकाला ते वाटेवरच्या मैलाच्या दगडासारखे उपयोगी पडले. न भेटलेल्या माणसालाही वाट दाखवता येते, मात्र त्याने पाहिलेले लिहून ठेवले पाहिजे.

नियम करणाऱ्यांनीही पुढे थोडे धोरण बदलले. परिषदेच्या जागी २०२० साली राष्ट्रीय वैद्यकीय आयोग आला. २०२२ च्या नियमांत रुग्णमालिकांचे लेख आणि पद्धतशीर समीक्षा यांना स्थान मिळाले, आणि पहिल्या तीन लेखकांपर्यंत श्रेय पोहोचले. त्या नियमांप्रमाणे सहायकाने चार वर्षे काम करून दोन संशोधनलेख दाखवावेत. सहयोगीने आणखी तीन वर्षांनंतर एकूण चार. शिवाय अध्यापनशास्त्राचा आणि संशोधनपद्धतीचा असे दोन पायाभूत अभ्यासक्रम पुरे केले पाहिजेत. पत्राची जागा मात्र अजून बाहेरच आहे.

दिव्याखाली अंधार

नियमाची भाषा सोपी असते: दोन लेख, चार लेख. पण तो लेख जन्माला कसा येतो, हे नियम सांगत नाही.

एक तरुण सहायक प्राध्यापिका डोळ्यांपुढे आणा. नव्या महाविद्यालयात तिची नेमणूक झाली आहे. सकाळी बाह्यरुग्ण विभाग, दुपारी विद्यार्थ्यांचा वर्ग, संध्याकाळी वॉर्डातला फेरा, आठवड्यातून एकदोन रात्री तातडीची ड्यूटी. घरी दोन वर्षांचे मूल. मध्येच तपासणी येणार म्हणून कागदपत्रांची धावपळ. तिला कोणी विचारले, "लेख लिहिलात का?" तर ती हसेल तरी किंवा रडेल तरी. तिला वेळ नाही हे खरेच. पण त्याहून मोठी अडचण अशी, की आरंभ कुठून करायचा हे तिला कोणी दाखवलेलेच नाही.

आणि विनोद असा, की हीच बाई कागदोपत्री एम. डी.च्या विद्यार्थ्यांची 'गाइड' असते! दरवर्षी विद्यार्थी तिच्या नावाखाली प्रबंध लिहितो, परीक्षा देतो आणि निघून जातो. प्रबंध कापडी बांधणीत ग्रंथालयाच्या कपाटात जाऊन बसतो आणि धूळ खातो. तिला स्वतःला गाइड कोणी नाही. आपल्याकडे म्हणतात तसा दिव्याखाली अंधार.

हे दुखणे आपल्यापुरतेच नाही. अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात २००६ साली अशा मार्गदर्शनावरच्या ३९ अभ्यासांचा आढावा छापून आला. त्यात दिसले, की वैद्यकाच्या निम्म्याहून कमी विद्यार्थ्यांना कोणी मार्गदर्शक होता. काही शाखांतल्या अध्यापकांत तर हे प्रमाण शेकडा वीसच्याही खाली होते. स्त्री अध्यापकांना असा माणूस मिळणे अधिक अवघड जाते, असेही त्यात नमूद होते. ज्यांना असा माणूस मिळाला त्यांची वाढ, त्यांची शाखानिवड आणि त्यांचे संशोधन यांवर त्याचा ठसा उमटलेला दिसला.

अंधारात चाचपडणाऱ्या माणसाला मग चोरवाट दिसते. ई-मेल येते: "आदरणीय महोदय, आपला बहुमोल लेख पाठवा. सात दिवसांत छापू." खाली रक्कम लिहिलेली असते. नियतकालिकाचे नाव भारदस्त, संपादक मंडळ लांबलचक, आणि लेख तपासणारा कोणी नाही. पैसे भरा, छापून घ्या. गेल्या पंधरा-वीस वर्षांत अशा दुकानांचा जगभर सुळसुळाट झाला आहे आणि आपला देश त्यांचे मोठे गिऱ्हाईक ठरला. कोणी मित्राच्या लेखात नाव घालून घेतो आणि परतफेड म्हणून मित्राचे नाव आपल्या लेखात घालतो. विभागप्रमुखाचे नाव तर प्रसादासारखे प्रत्येक लेखावर चढते.

यात फसवणूक कोणाची होते? निवडसमितीची होते ती थोडीशी. खरी फसवणूक रुग्णाची होते. खोट्या लेखावर उद्या कोणी डॉक्टर विश्वास ठेवून औषध देतो. आणि जो अध्यापक खोट्या लेखावर वर चढला, तो आपल्या विद्यार्थ्याला निरीक्षण कसे करावे हे कोणत्या तोंडाने शिकवणार?

शिडी धरणारा माणूस

मग मार्गदर्शकाने करायचे तरी काय? विभागप्रमुखाच्या खोलीत बसून "लिहा, लिहा" म्हणणे म्हणजे मार्गदर्शन नव्हे. शिडीवर चढणाऱ्याला खालून कोणी तरी शिडी धरून ठेवावी लागते. चढायचे त्याचे त्यालाच असते.

पहिले काम प्रश्न शोधून देण्याचे. नव्या अध्यापकाला वाटते, की संशोधनाचा प्रश्न लंडन-न्यूयॉर्कहून येतो. तो वॉर्डातच असतो. रायगड-रत्नागिरीच्या रुग्णालयात भातकापणीच्या दिवसांत सर्पदंश किती येतात, ते कोणत्या वेळी पोहोचतात, वाटेत त्यांचा किती वेळ जातो? २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाने २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे गेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८,००० गेली, असा अंदाज मांडला. एवढ्या मोठ्या प्रश्नाचा एक तुकडा प्रत्येक ग्रामीण रुग्णालयाच्या दारात पडलेला आहे. अनुभवी माणसाने नव्या अध्यापकाबरोबर खाटेपाशी उभे राहून एवढेच विचारावे: "या रुग्णात तुम्हांला पुस्तकाहून वेगळे काय दिसते?" बिरवाडीचा सगळा शोध या एका प्रश्नातून निघाला.

दुसरे काम वहीचे. काय टिपायचे हे आधी ठरवले नाही, तर शंभर रुग्ण पाहूनही हातात काही राहत नाही. कोणती लक्षणे, कोणत्या वेळी, कोणत्या मापात. किती रुग्ण पुरतील. हे संख्याशास्त्र जाणणाऱ्या सहकाऱ्याबरोबर बसून सुरुवातीलाच ठरवावे लागते. नीतिसमितीची संमती कामाआधी घ्यायची असते, नंतर नव्हे. औषधाची चाचणी असेल तर तिची नोंद सरकारी नोंदवहीत करायची. भारतात ती २००७ पासून सुरू झाली आणि २००९ पासून सक्तीची आहे. या गोष्टी नवख्याला कोणी सांगितल्या नाहीत, तर दोन वर्षांची मेहनत एका सहीअभावी पाण्यात जाते.

तिसरे काम लाल पेन्सिलीचे. पहिला मसुदा कोणाचाच चांगला नसतो. मार्गदर्शकाने तो वाचावा, समासात खुणा कराव्यात, परत द्यावा, पुन्हा वाचावा. स्वतः लिहून देऊ नये. तो मोह फार वाईट. आणि लेख परत आला तर धीर द्यावा. नियतकालिकांकडून साभार परत येणे ही लेखकांची जुनीच ओळख आहे. दिवाळी अंकाच्या वाचकांना ती वेगळी सांगायला नको!

चौथे काम नावांच्या क्रमाचे. ज्याने कष्ट केले त्याचे नाव पहिले. हे कामाच्या पहिल्या दिवशी बोलून, शक्य तर लिहून ठरवावे. प्रमुखाने स्वतःचे नाव स्वतःहून मागे घेतले, तर त्या विभागात संशोधनाची हवा बदलते. आपल्या नावाचा मोह सोडणे हेच मार्गदर्शकाचे पहिले पुण्य.

पाचवे काम दिसायला क्षुल्लक, पण बढतीच्या दिवशी तेच अडते: फाइल. नेमणुकीचा हुकूम, कार्यमुक्तीचे पत्र, अनुभवाचा दाखला, अभ्यासक्रमांची प्रमाणपत्रे, लेखांच्या प्रती. बदली होत होत चार गावे फिरलेल्या अध्यापकाचा एखादा दाखला कुठल्या तरी कार्यालयात अडकतो आणि माणूस वर्षभर लटकतो. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर असेल, तर बिऱ्हाडात एक पत्र्याची पेटी कागदांची असावी, हा सल्ला एखाद्या वडीलधाऱ्याने पहिल्या महिन्यातच द्यायला हवा.

आणि सहावे काम वेळ राखून देण्याचे. आठवड्यातून एक दुपार लिहिण्याची. बाळंतपणानंतर परतलेल्या अध्यापिकेला पहिले सहा महिने रात्रीच्या ड्यूटीतून थोडी सूट. यात उपकार नाही. तिची दहा वर्षांची घडण वाया जाऊ नये म्हणून केलेली ती तजवीज आहे.

मुंबईतला एक प्रयोग

असे मार्गदर्शन नुसत्या सद्भावनेवर सोडले तर नशिबाचा खेळ होतो. एखाद्याला भला वरिष्ठ मिळतो, एखाद्याला मिळत नाही. म्हणून ते रीतसर बांधावे लागते.

त्याचा एक नमुना मुंबईत आहे. परळच्या के. ई. एम. रुग्णालयाशी जोडलेल्या शेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयात २००५ साली 'फेमर' या अमेरिकेतील वैद्यकशिक्षण संस्थेच्या साहाय्याने एक प्रादेशिक केंद्र सुरू झाले. भारतातले ते अशा प्रकारचे पहिले केंद्र. येथे दोन वर्षांचा अभ्यास असतो. निवडलेले अध्यापक काही दिवस प्रत्यक्ष एकत्र येतात. उरलेला काळ आपापल्या महाविद्यालयात राहून एखादा प्रकल्प करतात आणि ई-मेलवरून एकमेकांना व मार्गदर्शकांना अडचणी विचारतात. एक वर्ष पुरे केलेले अध्यापक नव्यांना हात देतात. प्रकल्प स्वतःच्याच महाविद्यालयातला असतो. शिकवण्याची एखादी पद्धत सुधारायची, परीक्षेतला एखादा दोष काढायचा, आणि काय घडले ते मोजून लिहायचे.

यातली एक गोष्ट महत्त्वाची. मार्गदर्शक दुसऱ्या महाविद्यालयातला असतो, त्यामुळे विचारणाऱ्याला संकोच नसतो. आपल्या विभागप्रमुखापाशी "मला हे येत नाही" असे कबूल करणे आपल्याकडे फार अवघड. तोच आपला गोपनीय अहवाल लिहिणार! परक्या गावच्या वडिलांपाशी माणूस मोकळेपणी बोलतो. शिकवणारा आणि मोजणारा हे दोघे वेगळे असावेत, हे तत्त्व प्रत्येक महाविद्यालयाने गाठीला बांधावे असे आहे.

मुंबईला अशी परंपरा आहे हे खरे. याच शहरातल्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेच्या मुळीचा रक्तदाबावरील गुण पारखून १९४९ साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये लेख लिहिला आणि आपल्या आजीबाईच्या बटव्यातली मुळी जगाच्या औषधशाळेत जाऊन बसली. योगायोग असा, की १९९२ साली त्याच नियतकालिकात लाल विंचवाच्या विषावरील उपचारांचा बावस्करांचा लेख आला. एक मुंबईहून, एक महाडहून. नियतकालिकाने गाव पाहिले नाही, काम पाहिले.

आता वेळ आली आहे

हा विषय आजच का काढावा? कारण वैद्यकीय महाविद्यालये आता जिल्ह्याजिल्ह्यांत निघत आहेत. अलिबागलाही शासकीय वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले आहे. इमारत पैशाने उभी राहते. अध्यापक मात्र घडवावे लागतात आणि त्याला वर्षे लागतात.

२०२५ साली राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नवे नियम काढले. २२० किंवा अधिक खाटांच्या सरकारी रुग्णालयांत दहा वर्षे काम केलेल्या पदव्युत्तर तज्ज्ञ डॉक्टरला आता थेट सहयोगी प्राध्यापक होता येईल. दोन वर्षे काम केलेल्याला सहायक प्राध्यापक होता येईल. मात्र त्याने संशोधनपद्धतीचा पायाभूत अभ्यासक्रम दोन वर्षांत पुरा केला पाहिजे. या नियमावर टीका झाली. शिकवण्याचा अनुभव नसलेली माणसे अध्यापक होणार, दर्जा घसरणार, असे काहींचे म्हणणे. भीती अगदीच खोटी नाही.

पण नाण्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. या डॉक्टरांनी दहा-दहा वर्षे जिल्ह्याच्या रुग्णालयांत जे पाहिले आहे, ते महाविद्यालयातल्या पुष्कळांनी पाहिलेले नाही. सर्पदंश, विंचूदंश, लेप्टोस्पायरोसिस, कीटकनाशकांची विषबाधा यांचे हजारो रुग्ण त्यांच्या हातांखालून गेले आहेत. त्यांच्यापाशी रुग्णांचा साठा आहे आणि लेख नाहीत. उलट महाविद्यालयातल्या काहींपाशी लेख आहेत आणि सांगण्यासारखे थोडे. या दोघांची गाठ कोणी घालून द्यायची? हेच मार्गदर्शकाचे काम. जिल्हा रुग्णालयातून आलेल्या डॉक्टरला लिहायला शिकवा, पाहायला तो शिकलेलाच आहे. तसे झाले नाही, तर तोही वर्षभरात सात दिवसांत छापणाऱ्या दुकानाच्या दारात उभा राहील, आणि त्याची दहा वर्षे वाया जातील.

शेवटी पुन्हा महाडला येऊ. २०११ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये बावस्कर दांपत्याचा एक लेख आला. लाल विंचवाच्या दंशाच्या ७० रुग्णांचे त्यांनी दोन गट केले होते. ३५ जणांना नुसते प्राझोसिन, ३५ जणांना प्राझोसिनबरोबर विंचवाच्या विषावरची प्रतिलस. दहा तासांत लक्षणे गेलेले रुग्ण मोजले. प्रतिलस मिळालेल्यांत ३२ निघाले, नुसत्या प्राझोसिनवाल्यांत ८. बरे व्हायला एका गटाला सरासरी ८ तास लागले, दुसऱ्याला सुमारे १७.७ तास.

ज्या औषधाने त्यांचे नाव जगभर झाले, तेच औषध एकटे पुरेसे नाही, हे त्यांनी स्वतः मोजून, स्वतःच्या नावाने छापले. चाळीस वर्षांपूर्वी असो वा आज, बढतीसाठी लिहिणारा माणूस आपले लेख मोजतो. रुग्णासाठी लिहिणारा माणूस आपली चूकही मोजतो. तरुण अध्यापकाला लेख कसा लिहावा हे कोणीही चारदोन महिन्यांत शिकवील. स्वतःच्या निष्कर्षाची परीक्षा घेण्याची ही सवय त्याला लावून देणे, हे खऱ्या मार्गदर्शकाचे काम. ती सवय लागली, की लेख आपोआप होतात, आणि बढती, पुढेमागे, त्यांच्या पाठोपाठ येते.

या दिवाळीत आपल्या ओळखीत एखादा वैद्यकीय महाविद्यालयातला वडीलधारा प्राध्यापक असेल, तर त्याला एक विचारा. निवृत्तीला किती वर्षे उरली हे नको. विचारा, की आपल्या विभागातल्या धाकट्या सहकाऱ्याच्या मसुद्यावर लाल पेन्सिल शेवटची केव्हा चालवली. दिव्याला दिवा लावायला तेल फार लागत नाही. जवळ जावे मात्र लागते.